अवयव प्रत्यारोपण : अनामिक दात्याचे ऋण

जैन समाजास दान हा विषय नवा नाही. आहार, औषध, ज्ञान व अभय या चतुर्विध दानांचे संस्कार घराघरांत आहेत आणि नाव न सांगता दिलेल्या गुप्तदानास तर विशेष मान आहे. वैद्यकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत गुप्तदानाचा एक निराळाच प्रकार देशात रुजविला. त्याचा आरंभ महाराष्ट्रातच झाला, हे मेडशी परिसरातील वाचकांस ज्ञात असावे.

मुंबईच्या परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात १९६५ साली मृत व्यक्तीचे मूत्रपिंड रुग्णास बसविण्याचा देशातील पहिला प्रयत्न झाला. तो रुग्ण फार दिवस जगला नाही. तेथेच फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदय प्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिली अशी शस्त्रक्रिया करून त्या वेळी जेमतेम अडीच महिने झाले होते. रेल्वेगाडीतून पडून जबर जखमी झालेल्या एका तरुणीचे हृदय २७ वर्षांच्या रुग्णास बसविण्यात आले. तो सुमारे तीन तास जगला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयत्नातील रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही. हा इतिहास अपयश म्हणून बाजूस सारला जातो, तो अन्याय होय. आभार मानण्यापुरतेही आयुष्य न लाभलेल्या त्या रुग्णांवरच पुढच्यांची वाट तयार झाली.

शरीर परका अवयव नाकारते, ही मुख्य अडचण होती. नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीपासून सायक्लोस्पोरीन हे औषध निघाले आणि १९८० नंतरच्या दशकात चित्र पालटले. १९९४ च्या कायद्याने मेंदूमृत्यूस मान्यता दिली. त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदय प्रत्यारोपण यशस्वी झाले. तो रुग्ण पुढे सुमारे १५ वर्षे जगला. मुंबईस मात्र ४७ वर्षे थांबावे लागले. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातील एका ४२ वर्षांच्या महिलेचे हृदय मुंबईस आणून २२ वर्षांच्या तरुणास बसविण्यात आले. आज विदर्भातील गरजू रुग्णांची प्रतीक्षायादी नागपूरच्या विभागीय समन्वय केंद्रात ठेवली जाते.

आईने मुलास मूत्रपिंड दिले तर मुलास तिच्या पायांवर डोके ठेवता येते. मेंदूमृत दात्याचे नाव मात्र नियमानुसार रुग्णास सांगितले जात नाही. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर वहीत देणे लिहिलेले आहे, पण धनकोच्या नावाची ओळ कोरी आहे. मग रुग्णाने कृतज्ञता व्यक्त करावी कोठे? ती त्याच्या दिनचर्येतच दिसते. पहिले काही महिने तोंडावर मास्क, गर्दीच्या लग्नकार्यांस नकार, घरचे ताजे अन्न व उकळलेले पाणी. आणि अवयव नाकारला जाऊ नये म्हणून जन्मभर औषधे. त्यांपैकी टॅक्रोलिमसची नेहमीची गोळी बारा बारा तासांनी, ठरल्या वेळीच घ्यावी लागते.

येथे आपल्या समाजापुढे एक खरा प्रश्न उभा राहतो. रात्रिभोजन व रात्री पाणी त्यागलेल्या श्रावकाने ही दुसरी गोळी केव्हा घ्यावी? आपल्याकडे हिवाळ्यात सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत बारा तासही भरत नाहीत. पर्युषणातील निर्जळ उपवासाचीही हीच अडचण. नव्या मूत्रपिंडास तर पाण्याची विशेष गरज असते. काही जण संकोचाने हे डॉक्टरांना सांगत नाहीत व परस्पर गोळी चुकवितात. असे करणे म्हणजे दुसऱ्याच्या घरून आलेली ठेव गमावणे होय. नियम घेताना औषधाची सूट मागून घेता येते. गोळीची वेळ डॉक्टरांकडून आणि ती सूट गुरुमहाराजांकडून, दोन्ही शस्त्रक्रियेपूर्वीच ठरवून घेतलेली बरी.