लंगडलेल्या कुत्र्याची कसरत : एक मागोवा

गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे जे शिलालेख आहेत, त्यांतला दुसरा लेख माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची तजवीज केल्याचे सांगतो. हा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाचा. अपघातात पाय गमावलेल्या रस्त्यावरच्या कुत्र्याला आज कसरत देऊन पुन्हा चालते करतात. त्या विद्येचे मूळ शोधताना आपण थेट या खडकापर्यंत पोचू शकतो. पण येथून सरळ रेघ ओढण्याचा मोह टाळावा. कारण पुढच्या शतकांत पशुवैद्यक बहरले ते कामाच्या जनावरांभोवती. शालिहोत्राच्या नावावर घोड्यांचे शास्त्र आहे, पालकाप्याच्या नावावर हत्तींचे; रोमन व्हेजेशियसने लिहिले तेही मुख्यतः घोड्या-खेचरांविषयी. लष्कराचे जनावर लंगडले तर राज्याला तोटा होई. गल्लीतले कुत्रे लंगडल्याने कोणाचेच काही अडत नव्हते.

कामाविना जगणाऱ्या प्राण्यांची काळजी वाहिली ती पांजरपोळांनी. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी 1623 मध्ये खंबायतेस आला, तेव्हा त्याने पक्ष्यांचे इस्पितळ पाहिले. पोरक्या झालेल्या उंदराच्या पिल्लांना कापसात ठेवून, नाकावर चष्मा चढवलेला एक वृद्ध गृहस्थ पिसाने दूध पाजत होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. मुंबईत या परंपरेला एका दंग्याची पार्श्वभूमी लाभली. जून 1832 मध्ये मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी हुकुमाविरुद्ध पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, फोर्टातले व्यवहार ठप्प झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. पांजरपोळाचे मोठेपण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे : तेथे जनावराला जीवदान मिळे, दाणापाणी मिळे, मरेपर्यंत आसरा मिळे, पण लंगडे जनावर लंगडेच राहणार, हे गृहीत धरलेले असे. पुढे 1874 मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत निघाली, परळला पेटिट घराण्याच्या देणगीतून बाई साकरबाई इस्पितळ झाले आणि 1886 मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय. शस्त्रक्रिया आली, मलमपट्टी आली. टाके निघाल्यानंतर काय, हा प्रश्न मात्र अजून कोणाला पडला नव्हता.

तो प्रश्न आधी माणसांच्या बाबतीत पडला. स्टॉकहोमात पेर हेन्रिक लिंग यांनी 1813 मध्ये व्यायामशिक्षणाची मध्यवर्ती संस्था काढली; तिच्यातून उपचारासाठी कसरत आणि मालिश यांची पद्धत युरोपभर पसरली. लंडनमध्ये 1894 साली चार परिचारिकांनी प्रशिक्षित मालिशकर्त्या स्त्रियांची संघटना बांधली. मग महायुद्धांनी जखमी सैनिकांच्या रांगा लावल्या आणि पोलिओने मुलांच्या. मुंबईत केईएम रुग्णालयात 1952 साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, तर 1955 मध्ये हाजी अलीला पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आली. केईएमही परळचेच. एकाच परळात एकीकडे मुलांचे लुळे पाय हलवून बळकट करण्याची विद्या शिकवली जात होती आणि दुसरीकडे लंगड्या जनावरांवर इलाज चालत होता. या दोन विद्यांची गाठ मात्र परदेशात पडली.

ती पडण्याआधी उलट दिशेचा एक प्रवास झाला. अमेरिकेत ऑटो स्टेडर या पशुवैद्याने 1930 च्या दशकात कुत्र्यांची मोडलेली हाडे बाहेरून जखडून ठेवणारा सांगाडा तयार केला. जखमी कुत्रे लगेच पायावर उभे राहू शके, हा त्याचा फायदा. दुसऱ्या महायुद्धात तोच सांगाडा अमेरिकी नौदलाने माणसांच्या पायांना लावला. कुत्र्याकडून माणसाकडे गेलेल्या या देण्याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. इंग्लंडात चार्ल्स स्ट्राँग यांनी माणसांवरचे विद्युत-उपचार घोड्यांवर केले. माउंटबॅटन यांचे घोडे त्यांच्या हाताखालून गेले. म्हणजे येथेही पहिला मान घोड्याचाच! कुत्र्यांचा नंबर सावकाश लागला. 1999 मध्ये ओरेगनमधील कॉर्व्हॅलिस येथे प्राण्यांच्या पुनर्वसनावर पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, 2004 मध्ये मिलिस आणि लेव्हिन यांचे कुत्र्यांच्या फिजिओथेरपीवरील पाठ्यपुस्तक आले आणि 2010 मध्ये अमेरिकेने या विषयाला पशुवैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली.

या सगळ्या वाटचालीचे फलित आपण जवळून पाहू. उभ्या कुत्र्याचे सुमारे 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते. त्यातला एक खांद्यापासून काढला की उरलेला पाय शरीराच्या मध्यरेषेकडे सरकतो, प्रत्येक पावलाला मान वर उसळते, पाठीचा कणा वाकतो आणि मनगट खचू लागते. म्हणून उपचार सुरू होतो तो गमावलेल्या पायापासून नव्हे, राहिलेल्या तिघांपासून. आधी गुळगुळीत फरशीवर सतरंज्या अंथरायच्या, नखे कापायची, वजन वाढू द्यायचे नाही. मग मान आणि खांद्याला शेक, हलके मालिश, सांधे हळूहळू वाकवणे. पुढे चिकनचा तुकडा नाकासमोरून कमरेकडे नेला, की कुत्रे उभ्याउभ्याच मान वळवते आणि भार मागच्या पायांवर जातो. बसणे-उठणे, जमिनीलगत ठेवलेल्या काठ्या ओलांडणे, जेथे सोय आहे तेथे पाण्यातल्या फिरत्या पट्ट्यावर चालणे. पाणी वजन पेलते आणि स्नायूंना कामही देते. दमून धाप लागण्याआधी थांबायचे, हा नियम उत्साही पाळणाऱ्यांना सर्वांत जड जातो. मांडीचा घेर साध्या शिंप्याच्या टेपने मोजत गेले, की स्नायू भरतो आहे का ते कळते.

मात्र सोडवून आणलेल्या भटक्या कुत्र्यापुढे आणखी एक पेच असतो. नसबंदीसाठी उचललेले कुत्रे जेथून आणले तेथेच परत सोडावे, असे 2001 च्या नियमांनी ठरवले; हद्द धरून जगणाऱ्या चार पायांच्या कुत्र्यासाठी ते शहाणपणाचेच होते. तीन पायांवर नीट धावायला शिकलेले कुत्रे त्याच रहदारीत, त्याच टोळीत सोडायचे की त्याला घर शोधायचे, हे निवाऱ्यातली माणसे आज एकेका कुत्र्याची चाल पाहून ठरवतात. आणि घर मिळेपर्यंत पिंजरा अडून राहतो, तेव्हा दाराशी दुसरे जखमी कुत्रे आलेले असते.