ऑनलाइन अभ्यासक्रमांची गुणवत्ता हमी आणि प्राध्यापक विकास : कराड-मलकापूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

कराड शहराला लागून, पुणे-बंगळुरू महामार्गावर वसलेले मलकापूर हे सातारा व सांगली जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांच्या नित्याच्या वाटेवरील गाव आहे. या परिसरातील पदवीचा विद्यार्थी आज आपल्या महाविद्यालयाच्या वर्गात बसतो आणि त्याच सत्रात 'स्वयम्'सारख्या मंचावरील अभ्यासक्रमाचे श्रेयांकही मिळवू शकतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या विनियमांनी अशा श्रेयांकांना मान्यता दिली. २०२१ च्या विनियमांनी एका सत्रातील एकूण अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने पूर्ण करण्याची मुभा दिली. पदवीचा इतका मोठा भाग वर्गाबाहेर पूर्ण होणार असेल, तर त्याच्या दर्जाची हमी कोणी द्यावयाची आणि त्यासाठी प्राध्यापकाची तयारी कोणी करून घ्यावयाची, हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. हे प्रश्न नवे भासत असले तरी त्यांची मुळे याच परिसराच्या शैक्षणिक इतिहासात सापडतात. त्यांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

आधी शिक्षक, मग शाळा

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास स्थलांतरित झाले. १९३५ मध्ये संस्थेने तेथे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज हे अध्यापक विद्यालय सुरू केले. खेडोपाडी व्हॉलंटरी शाळांचे जाळे पसरले ते त्यानंतरच्या काळात. हा क्रम बोलका आहे. शाळांचा विस्तार करण्यापूर्वी त्या चालविणारा शिक्षक घडविला पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. स्वातंत्र्योत्तर काळात माध्यमिक शिक्षकांसाठी साताऱ्यास १९५५ मध्ये आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले.

महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या बाबतीत मात्र हा क्रम पाळला गेला नाही. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये आणि कराडचे सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज १९५४ मध्ये स्थापन झाले. १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ अस्तित्वात आले. ग्रामीण भागात उच्च शिक्षणाचा विस्तार झाला. परंतु विषयातील पदव्युत्तर पदवी हीच अध्यापनाची पुरेशी पात्रता मानण्यात आली. प्राथमिक शिक्षकास जे प्रशिक्षण अनिवार्य होते, ते प्राध्यापकास अनावश्यक समजले गेले. ही उणीव १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मान्य केली आणि त्यातून विद्यापीठांत अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभी राहिली. उद्बोधन वर्ग व उजळणी वर्ग ही त्यांची देणगी होय. पुढे हे वर्ग पदोन्नतीच्या नियमांशी जोडले गेले. त्यामुळे उपस्थिती वाढली, पण वर्गाहून परतल्यावर प्राध्यापकाच्या शिकविण्यात काय बदल झाला, हे तपासण्याची व्यवस्था मागे राहिली.

या बाबतीत मलकापुरातच एक वेगळे उदाहरण पाहावयास मिळते. येथील कृष्णा वैद्यकीय विज्ञान संस्था २००५ मध्ये अभिमत विद्यापीठ झाली व आज ती कृष्णा विश्व विद्यापीठ या नावाने ओळखली जाते. वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी वैद्यकीय शिक्षण कक्ष असणे नियामक संस्थेने बंधनकारक केले आहे. डॉक्टर असणे म्हणजे शिक्षक असणे नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत असे तत्त्व नियमाच्या रूपाने रुजले नाही.

मुक्त विद्यापीठाचा धडा

यशवंतराव चव्हाण यांचा जन्म देवराष्ट्रे येथे १९१३ मध्ये झाला आणि त्यांचे शालेय शिक्षण कराडला झाले. त्यांचे नाव धारण करणारे महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे स्थापन झाले. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू होत. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन या विद्यापीठाने बारावी न झालेल्यांसाठीही पूर्वतयारी शिक्षणक्रमाची वाट खुली केली.

ब्रिटनमध्ये १९६९ साली स्थापन झालेल्या ओपन युनिव्हर्सिटीने अभ्यासक्रम निर्मितीसाठी गटपद्धती स्वीकारली होती. पाठ एकाने लिहावयाचा, इतरांनी त्यावर चर्चा करावयाची, दुरुस्त्या सुचवावयाच्या आणि मगच तो विद्यार्थ्याच्या हाती द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. नाशिकच्या विद्यापीठाची स्वयं-अध्ययन पुस्तकेही याच विचारातून घडली. लेखकाच्या मजकुरावर विषयाचे व भाषेचे संपादन होई आणि अनुदेशन तंत्राच्या दृष्टीनेही तो पाहिला जाई. शिवाय स्थानिक महाविद्यालयांतील अभ्यासकेंद्रांवर संमंत्रक नेमून संपर्कसत्रांची जोड दिली गेली.

या पद्धतीचा खरा अर्थ दुहेरी आहे. पाठ विद्यार्थ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी तो दुसऱ्या जाणकाराच्या नजरेखालून जातो, ही झाली गुणवत्ता हमी. आपला पाठ दुसऱ्याकडून तपासून घेताना लेखक-प्राध्यापक स्वतः शिकतो, हा झाला प्राध्यापक विकास. आज ज्या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र कक्ष व दोन स्वतंत्र अहवाल असतात, त्या येथे एकाच प्रक्रियेत साधल्या जात होत्या.

नियमनाची वाटचाल

दूरशिक्षणाच्या दर्जावर देखरेख ठेवण्यासाठी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या अंतर्गत १९९१ मध्ये दूरशिक्षण परिषद स्थापन झाली. २०१३ मध्ये ती बंद होऊन हे अधिकार विद्यापीठ अनुदान आयोगाकडे आले. दरम्यान १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'मुळे महाविद्यालयांत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष उभे राहिले. २०२० च्या विनियमांनी मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणक्रम देणाऱ्या संस्थांना अंतर्गत गुणवत्ता हमी केंद्र बंधनकारक केले.

'स्वयम्'चे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी झाले. या मंचावरील अभ्यासक्रमाची रचना चार अंगांची आहे : ध्वनिचित्रित व्याख्यान, वाचन साहित्य, शंका-चर्चा आणि मूल्यमापन. २०१८ मध्ये 'अर्पित' या उपक्रमाद्वारे प्राध्यापकांचे उजळणी वर्गही याच मंचावर आले व प्राध्यापक स्वतः ऑनलाइन विद्यार्थी झाला.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा मात्र या अनुभवाची शिदोरी हाताशी नव्हती. सर्वत्र प्राध्यापकांनी भ्रमणध्वनीसमोर उभे राहून व्याख्याने दिली. त्यामागील निष्ठा निःसंशय होती. परंतु प्रत्येकजण एकटा होता. पाठ आधी कोणी पाहिला नाही आणि नंतरही क्वचितच पाहिला गेला. अहवालांत नोंद राहिली ती तासिकांची, चित्रफितींची व प्रमाणपत्रांची.

येथेच २०१६ च्या विनियमांतील एक तरतूद लक्षात घेतली पाहिजे. विद्यार्थी ज्या महाविद्यालयात शिकतो, त्या महाविद्यालयाने ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या संपूर्ण काळात त्यास मार्गदर्शन करणारा समन्वयक नेमावा, असे त्यात म्हटले आहे. ही भूमिका म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या संमंत्रकाचीच नवी आवृत्ती होय. ती कागदोपत्री राहिली, तर इंग्रजी व्याख्यान न समजलेला ग्रामीण विद्यार्थी कोणाकडे जाणार? वर्गातील शिक्षक म्हणेल, हा माझा अभ्यासक्रम नव्हे. आणि मंचावरील शिक्षक त्याला ओळखतही नसेल.

निष्कर्ष

१. या परिसरात प्राथमिक व माध्यमिक शिक्षकाच्या प्रशिक्षणाची परंपरा जुनी आहे. महाविद्यालयीन प्राध्यापक तिच्या लाभापासून दीर्घकाळ दूर राहिला.

२. मुक्त विद्यापीठाच्या सामूहिक पाठनिर्मितीत गुणवत्ता हमी व प्राध्यापक विकास या एकाच कार्याच्या दोन बाजू होत्या.

३. वर्गातील व्याख्यान हवेत विरते. ऑनलाइन पाठ टिकून राहतो. म्हणून तो सहकाऱ्यांनी पाहणे व सुधारणे प्रथमच सहजशक्य झाले आहे. या संधीचा उपयोग अल्प झाला आहे.

४. समन्वयकाचे काम हे अध्यापनच आहे. त्यास कार्यभारात स्थान मिळाल्याशिवाय श्रेयांकांना अर्थ येणार नाही.

समारोप

ऑनलाइन शिक्षणाची हमी यंत्रसामग्रीने वा अहवालांनी मिळत नाही, असे हा इतिहास सांगतो. प्रत्येक विभागातील दोन-तीन प्राध्यापकांनी एकत्र बसून एकमेकांचा एक पाठ पाहणे, त्यावर मोकळेपणाने बोलणे आणि तो पुन्हा तयार करणे, एवढ्या साध्या प्रथेपासून आरंभ करता येईल. त्यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. लागते ती आपला पाठ दुसऱ्यापुढे ठेवण्याची तयारी. शाळांच्या विस्ताराआधी शिक्षक घडविणाऱ्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या परिसराला हे अवघड वाटू नये.