सिंथेसायझर ध्वनींची पुनर्निर्मिती

सिंथेसायझर ध्वनींची पुनर्निर्मिती म्हणजे १९७० व १९८० च्या दशकांतील सिंथेसायझर वाद्यांचे ओळखीचे ध्वनी आजच्या कीबोर्डवर, छोट्या यंत्रांवर किंवा संगणकावर नव्याने बांधण्याची प्रक्रिया होय. मूळ वाद्यांपैकी बहुतेकांचे उत्पादन बंद झाले असून उरलेली वाद्ये दुर्मिळ व महाग आहेत. त्यामुळे हौशी वादकाला हे ध्वनी मिळवण्यासाठी त्यांची रचना समजून घ्यावी लागते. कीबोर्डची निवडही याच प्रश्नाशी जोडलेली आहे, कारण काही कीबोर्ड तयार ध्वनी वाजवतात, तर काहींवर ध्वनी घडवता येतो. या क्षेत्रातील एक महत्त्वाचे उदाहरण मुंबईत १९८२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली 'टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही चरणजित सिंग यांची तबकडी आहे.

संज्ञा

मराठी बोलीत कोणत्याही विजेवरच्या स्वरवाद्याला 'कॅसिओ' किंवा 'कीबोर्ड' म्हटले जाते. तांत्रिकदृष्ट्या मात्र तीन प्रकार वेगळे आहेत. अरेंजर कीबोर्डमध्ये तयार टोन आणि तालाच्या तयार साथी असतात. सिंथेसायझरमध्ये ध्वनीचे घटक वादकाला स्वतः बदलता येतात. मिडी कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही. तो कोणती पट्टी किती जोराने दाबली याची माहिती संगणकाला किंवा दुसऱ्या वाद्याला पाठवतो.

ध्वनिनिर्मितीचे घटक

अभिजात ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये मुख्यतः वजाबाकी पद्धती वापरली जाते. आधी भरपूर उपस्वर असलेला तरंग निर्माण केला जातो आणि नंतर त्यातील नको असलेला भाग गाळला जातो. या पद्धतीचे घटक पुढीलप्रमाणे आहेत.

ऑसिलेटर: मूळ तरंग निर्माण करतो. करवतीच्या दात्यांसारखा तरंग भरदार व तेजस्वी, तर चौरस तरंग पोकळ, काहीसा बासरी-सनईच्या मधला वाटतो.

फिल्टर: ठरावीक कंप्रतेवरचे उपस्वर कमी करतो. त्या सीमेजवळचा भाग उठावदार केल्यास, म्हणजे रेझोनन्स वाढवल्यास, ध्वनीला चिरका, बोलका गुण येतो.

एन्व्हलप: ध्वनी किती वेळात उमटतो, किती वेळात उतरतो, पट्टी दाबून ठेवल्यावर कोणत्या पातळीवर टिकतो आणि सोडल्यावर किती वेळात विरतो, हे ठरवतो.

एलएफओ: संथ गतीने कंप किंवा हेलकावा देतो.

अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये सिंथेसायझरचा पहिला नमुना तयार केला. १९७० मधील मिनीमूगने हे सर्व घटक एका सुटसुटीत वाद्यात आणले. त्यात तीन ऑसिलेटर होते व एका वेळी एकच स्वर वाजत असे. १९७८ मधील प्रॉफेट-५ मध्ये पाच स्वर एकत्र वाजत आणि घडवलेले ध्वनी स्मृतीत साठवता येत. १९८३ मध्ये यामाहाच्या डीएक्स-७ ने वेगळी वाट धरली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर आधारलेल्या या वाद्यात एक तरंग दुसऱ्या तरंगाची कंप्रता बदलतो. या पद्धतीला एफएम संश्लेषण म्हणतात. त्याच वर्षी वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांना जोडणारी मिडी ही प्रमाणपद्धती प्रचारात आली. १९८८ मधील कॉर्ग एम-१ या लोकप्रिय वाद्यानंतर खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने वाजवणाऱ्या कीबोर्डचा प्रसार वेगाने झाला. आजचे बहुतेक अरेंजर कीबोर्ड याच परंपरेतले आहेत.

मुंबईतील पार्श्वभूमी

हिंदी चित्रपटसंगीतात मूग सिंथेसायझर आणण्याचे श्रेय १९७० च्या दशकातील संगीतसंयोजक व वादक केरसी लॉर्ड यांना दिले जाते. त्याच वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग (१९४०–२०१५) हे बास गिटार व कीबोर्डवादक होते. राहुल देव बर्मन यांच्यासह अनेक संगीतकारांकडे त्यांनी काम केले. त्यांनी सिंगापूरहून रोलँड कंपनीची तीन वाद्ये आणली: ज्युपिटर-८ हा आठ स्वरांचा सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बास वाजवणारे छोटे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र.

या तीन वाद्यांवर त्यांनी भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस व बैरागी हे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने प्रकाशित केलेल्या या तबकडीला त्या काळी फारसा प्रतिसाद मिळाला नाही. २००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला तिची प्रत दिल्लीत सापडली आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन'तर्फे तिचे पुनर्प्रकाशन झाले. तेव्हा तिचे साम्य शिकागोत विकसित झालेल्या ॲसिड हाउस या नृत्यसंगीताशी असल्याचे श्रोत्यांच्या लक्षात आले. त्या शैलीची आरंभीची मानली जाणारी 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी १९८७ ची, म्हणजे मुंबईतील ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी आलेली आहे. मुंबईच्या तबकडीचा शिकागोवर प्रभाव पडल्याचा पुरावा नाही. एकाच यंत्राच्या गुणधर्मांतून दोन ठिकाणी, दोन वेगळ्या हेतूंनी, सारखा नाद निर्माण झाला.

हे साम्य यंत्राच्या रचनेतून स्पष्ट होते. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची आणि निवडक स्वरांना आघात देण्याची सोय आहे. शिकागोच्या संगीतकारांनी तिचा उपयोग नृत्याची लय खेचण्यासाठी केला. रागसंगीताच्या कानाला तीच घसरण मींडेच्या जवळची वाटते.

पुनर्निर्मितीची पद्धत

मूळ ध्वनी ऐकताना काही प्रश्न क्रमाने सोडवले जातात: एका वेळी किती स्वर वाजतात, तरंग भरदार आहे की पोकळ, ध्वनी किती तेजस्वी आहे, तो काळानुसार कसा बदलतो, त्यात कंप किंवा घसरण आहे का, आणि शेवटी प्रतिध्वनीसारखे कोणते संस्कार झाले आहेत. संस्कार शेवटी जोडले जातात, कारण ते आधी जोडल्यास मूळ ध्वनीतील दोष झाकले जातात.

मिनीमूगचा बास: करवती तरंगाचे दोन किंवा तीन ऑसिलेटर घेऊन एक सप्तकाने खाली आणि एक काही सेंटने बेसूर ठेवला जातो. एक सेंट म्हणजे समांतरित सप्तकातील अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. फिल्टर बराच बंद ठेवून एन्व्हलपने तो क्षणभर उघडून लगेच मिटवला जातो.

टीबी-३०३: एकच ऑसिलेटर, करवती किंवा चौरस तरंग, वाढवलेला रेझोनन्स व झटकन उतरणारा एन्व्हलप एवढीच मांडणी पुरते. खरा परिणाम सोळा मात्रांच्या आवर्तनात कोणत्या स्वरावर आघात व कोणत्यावर घसरण ठेवली आहे, यावर अवलंबून असतो. वाजवताना फिल्टरची कळ हळूहळू फिरवली जाते.

ज्युपिटर-८ चा विस्तीर्ण नाद: प्रत्येक स्वरासाठी किंचित बेसूर केलेले दोन करवती तरंग, संथ उठाव व लांब विराम वापरला जातो. रोलँडच्याच ज्युनो मालिकेत कोरस अंगभूत असल्याने तो नाद घडवताना कोरस जोडावा लागतो. ज्युपिटर-८ मध्ये तो अंगभूत नव्हता.

डीएक्स-७ चा इलेक्ट्रिक पियानो: हा फिल्टरने साधत नाही. मूळ स्वराच्या चौदापट कंप्रतेचा, लवकर विरणारा तरंग वापरून सुरुवातीचा धातूसारखा टणत्कार मिळवला जातो.

टीआर-८०८ चा ढोल: साधारण ५० हर्ट्झच्या आसपासचा शुद्ध तरंग घेऊन आरंभी त्याची कंप्रता झटक्यात खाली आणली जाते व शेवट लांबवला जातो.

कीबोर्डची निवड

तयार टोन व साथी हव्या असणाऱ्या वादकाला अरेंजर कीबोर्ड सोयीचा ठरतो. गणेशोत्सव, भजनी मंडळे, ऑर्केस्ट्रा व लग्नसमारंभांत महाराष्ट्रात हाच प्रकार अधिक दिसतो. यामाहा व कॅसिओ या कंपन्यांनी तबला, सतार, हार्मोनियम यांचे टोन आणि भारतीय ताल असलेली खास भारतासाठीची प्रतिमानेही काढली आहेत. अशा वाद्यांतील 'सिंथ' नावाचे टोन बहुधा ध्वनिमुद्रित नमुने असतात. त्यांचा फिल्टर व एन्व्हलप मर्यादित प्रमाणातच बदलता येतो. त्यामुळे अभिजात ध्वनी शिकण्यासाठी ते एकटे अपुरे पडतात.

मूळ वाद्यांच्या छोट्या आधुनिक आवृत्त्या हा दुसरा पर्याय आहे. रोलँडची टीबी-०३ व टीआर-०८, तसेच बेरिंजर कंपनीची टीडी-३ व मॉडेल डी ही त्याची उदाहरणे आहेत. प्रत्येक कार्यासाठी प्रत्यक्ष कळ असल्याने ती शिकण्यास उपयुक्त असतात. मात्र प्रत्येक यंत्र साधारण एकाच जातीचा ध्वनी देते.

तिसरा व सर्वांत कमी खर्चाचा पर्याय म्हणजे संगणक आणि मिडी कंट्रोलर. सर्ज एक्सटी हा मुक्त स्रोत सिंथेसायझर विनामूल्य मिळतो. डेक्स्ड हा विनामूल्य प्रोग्राम डीएक्स-७ ची रचना हुबेहूब मांडतो व त्या वाद्याच्या जुन्या ध्वनिफायली वाचू शकतो. या पर्यायात पट्टी दाबणे व आवाज येणे यांतील विलंब तपासावा लागतो. ४४,१०० हर्ट्झच्या नमुनागतीवर २५६ नमुन्यांचा बफर सुमारे ५.८ मिलिसेकंद विलंब देतो, जो सहसा जाणवत नाही; बफर मोठा केल्यास विलंब त्याच प्रमाणात वाढतो.

पट्ट्यांची संख्याही वादनप्रकारावर ठरते. हार्मोनियमवर साधारण तीन ते साडेतीन सप्तके असतात. त्यामुळे केवळ सुरावट वाजवणाऱ्यास ३७ किंवा ४९ पट्ट्या पुरतात. दोन्ही हातांनी वाजवण्यासाठी ६१, तर पियानोच्या अभ्यासासाठी वजनदार ८८ पट्ट्या लागतात. हार्मोनियमवादकाला आणखी एक फरक जाणवतो. हार्मोनियममध्ये भात्याने स्वर वाजत असतानाच त्याचा जोर कमी-अधिक करता येतो. साध्या कीबोर्डवर जोर पट्टी दाबतानाच ठरतो. ही उणीव एक्स्प्रेशन पेडलने भरून निघते. म्हणून त्याची जोडणी असलेला कीबोर्ड अधिक उपयुक्त ठरतो.

रागसंगीत आणि कीबोर्ड

कीबोर्डच्या पट्ट्यांवर मींड निघत नाही व त्यांचे स्वर श्रुतींना अनुसरत नाहीत, हा आक्षेप सिंथेसायझरपेक्षा जुना आहे. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी महाराष्ट्रात हार्मोनियमला प्रतिष्ठा मिळवून दिली, तरी आकाशवाणीने १९४० मध्ये याच कारणांवरून तिच्यावर बंदी घातली. ती १९७१ पर्यंत टिकली. पुढे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची हार्मोनियम विकसित केली.

सिंथेसायझरमध्ये या आक्षेपाच्या दोन्ही भागांना काही प्रमाणात उत्तर आहे. मींडेसाठी ध्वनी एकस्वरी ठेवून ग्लाइड चालू केला जातो, तसेच पिच बेंडची कक्षा गरजेनुसार वाढवली जाते. नवा स्वर घेताना एन्व्हलप पुन्हा सुरू होणार नाही अशी मांडणी केल्यास आघात न होता स्वर जोडले जातात. तरीही यांत्रिक ग्लाइड ठरावीक वेळात संपतो, तर गायकाची मींड मध्ये रेंगाळते. ती छटा पिच बेंडच्या हाताळणीतूनच आणावी लागते.

श्रुतींसाठी अनेक कीबोर्डांत स्केल ट्यूनिंगची सोय असते. समांतरित सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर असतो, तर ५:४ या नैसर्गिक गुणोत्तराने तो ३८६ सेंटवर येतो; म्हणजे तो १४ सेंटने उतरवावा लागतो. पंचम २ सेंटने चढवावा लागतो व शुद्ध मध्यम २ सेंटने उतरवावा लागतो. ६:५ गुणोत्तराचा कोमल गंधार १६ सेंटने चढा होतो. रागानुसार हे अंतर बदलते. पट्टी बदलल्यावर, म्हणजे षड्ज काळी एकवरून काळी चारवर नेल्यावर, ट्यूनिंगचा मूळ स्वरही बदलावा लागतो.

जुनी वाद्ये व देखभाल

जपान व अमेरिकेतून आणलेली जुनी वाद्ये अनुक्रमे १०० व १२० व्होल्टवर चालणारी असू शकतात. भारतातील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर ती रोहित्राशिवाय जोडल्यास जळतात. जुन्या वाद्यांतील स्मृतीची बॅटरी संपल्यास साठवलेले ध्वनी पुसले जातात. म्हणून ती बदलण्यापूर्वी ध्वनींची प्रत घेतली जाते.

ॲनालॉग ऑसिलेटरचा स्वर तापमानाबरोबर ढळतो. सोलापूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जात असल्याने वाद्य सुरू करून काही वेळाने पुन्हा सुरात लावणे आवश्यक ठरते. सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या वस्त्रोद्योगाच्या परिसरात सुताचे बारीक तंतू व धूळ ही वेगळी अडचण असते. पट्ट्यांखालील रबरी संपर्कबिंदूंवर ती साचल्यास स्वर तुटक येतात किंवा पट्टी हलकी दाबली तरी मोठ्याने वाजते. वापर नसताना वाद्य झाकून ठेवणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

कायदेशीर बाजू

भारताच्या कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षे संरक्षण मिळते. जुन्या तबकडीतील तुकडा उचलून आपल्या रचनेत वापरण्यासाठी हक्कधारकाची परवानगी लागते. ऐकून स्वतः घडवलेल्या टोनमध्ये मूळ ध्वनिमुद्रणाचा कोणताही अंश नसतो. मात्र त्या टोनवर मूळ चाल वाजवल्यास चालीच्या हक्काचा प्रश्न स्वतंत्रपणे उरतो.

महत्त्व

टीबी-३०३ चे उत्पादन १९८४ मध्ये, तर टीआर-८०८ चे १९८३ मध्ये थांबले. दोन्ही यंत्रे खऱ्या बास गिटार व ढोलांची नक्कल म्हणून कमी प्रतीची मानली गेली होती. पुढे त्यांचा स्वतःचा नादच मौल्यवान ठरला. चरणजित सिंग यांची तबकडीही जवळजवळ तीन दशके विस्मरणात होती. पुनर्निर्मितीमुळे अशा ध्वनींचा उपयोग दुर्मिळ वाद्यांच्या मालकीवर अवलंबून राहत नाही आणि हौशी वादकाला आपल्या संगीताच्या गरजेनुसार त्यांत बदल करता येतो.