बटाट्याच्या दोन ओळी आणि चार चाके

चारही चाकांना इंजिनची शक्ती मिळणारा उंच, धिप्पाड ट्रक पाहिला की तो लष्करासाठीच जन्माला आला असावा, असे आपण धरून चालतो. 'युनिमॉग' या जर्मन ट्रकाचा इतिहास मात्र बटाट्याच्या शेतात सुरू होतो.

१९४५ साली जर्मनीचा पराभव झाला. शहरे उद्ध्वस्त झाली होती आणि अन्नाची भीषण टंचाई होती. जर्मनीचे अवजड उद्योग मोडून तिला शेतीप्रधान देश करून ठेवावे, अशी योजना अमेरिकेचे अर्थमंत्री मॉर्गेंथाउ यांनी १९४४ मध्येच मांडली होती. ती जशीच्या तशी अमलात आली नाही. परंतु विमानांची इंजिने बनवणाऱ्यांना आता काम उरले नव्हते, हे उघड होते. डाइम्लर-बेन्झमध्ये विमान-इंजिनांच्या विभागाचे प्रमुख असलेल्या आल्बर्ट फ्रीडरिश यांनी त्याच वर्षी शेतीच्या एका गाडीचे आराखडे काढले. ही गाडी शेतात ट्रॅक्टरसारखी राबावी आणि माल भरून बाजारालाही जावी, अशी त्यांची कल्पना होती.

या दोन कामांत विरोध आहे. ट्रॅक्टरची मागची चाके प्रचंड असतात, त्यामुळे मागे माल ठेवायला जागा उरत नाही. शिवाय त्या काळचा ट्रॅक्टर रस्त्यावर ताशी २० किलोमीटरच्या आसपासच चाले. फ्रीडरिश यांनी चारही चाके सारख्या मापाची घेतली, मागच्या आसावर मालाचा हौदा बसवला आणि वेग ताशी ५० किलोमीटर ठरवला. डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ठेवले १२७० मिलिमीटर, म्हणजे बटाट्याच्या दोन ओळींइतके. दोन वरंबे पोटाखाली घेऊन गाडी सरीतून जाई आणि पीक तुडवले जात नसे. एवढ्या मोठ्या यंत्राचे मूळ माप बटाट्याने ठरवावे, याची आम्हाला गंमत वाटते.

चारही चाकांना शक्ती का हवी? चाक जमिनीला किती जोराने ढकलू शकेल, हे त्यावरच्या भारावर आणि घर्षणावर ठरते. फक्त मागची चाके गाडी ढकलत असतील, तर पुढच्या चाकांवरचा भार त्या कामी वाया जातो. रिकाम्या युनिमॉगचे सुमारे दोन-तृतीयांश वजन पुढच्या आसावर येई. मागे माल चढला की भार बराचसा समान होई. चिखलात आणखी एक अडचण येते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते, म्हणून दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल आसावर असतो. पण एक चाक निसरड्यावर आले की तेच गरगर फिरते आणि दुसरे जागचे हलत नाही. यासाठी युनिमॉगमध्ये डिफरन्शियल 'लॉक' करण्याची सोय केली होती.

आम्हाला सर्वांत आवडते ती मात्र आसाची रचना. नेहमीच्या ट्रकात आस चाकाच्या मध्यातून जातो आणि डिफरन्शियलचा गोळा खाली लोंबतो. दगडाला पहिला तोच अडकतो. समजा, चाकाची त्रिज्या ४५ सेंटिमीटर आणि गोळ्याची १६ आहे. म्हणजे खाली मोकळी जागा २९ सेंटिमीटर. युनिमॉगमध्ये आस चाकाच्या मध्यापेक्षा वर ठेवून टोकाला दंतचक्रांची जोडी बसवली. आस १० सेंटिमीटर वर गेला तर जागा ३९ होते. आस चाकापेक्षा जास्त वेगाने फिरत असल्याने त्यावरचा पीळ कमी येतो. त्यामुळे गोळाही लहान चालतो. तो १३ सेंटिमीटरचा केला की जागा ४२! हे गणित वर्गात फळ्यावर सहज करून दाखवता येईल.

पण याची किंमत रस्त्यावर मोजावी लागते. चार जास्तीच्या दंतचक्र-जोड्या म्हणजे जादा वजन, आवाज, तेलपाणी आणि खर्च. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणून वळणावर जपावे लागते. शिवाय वळताना पुढच्या आणि मागच्या आसांनाही वेगवेगळे अंतर कापावे लागते. मातीत चाके थोडी घसरून हा फरक भरून निघतो. डांबरावर मात्र आसांत ताण साठतो आणि टायर झिजतात. म्हणून पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांची शक्ती तोडून ठेवत.

पहिला नमुना हाइनरिश रॉस्लर यांच्या देखरेखीखाली १९४६ च्या अखेरीस धावला. गॉपिंगन येथील बोरिंगर कारखान्यात १९४८ पासून सुमारे ६०० गाड्या बनल्या. इंजिन अवघे २५ अश्वशक्तीचे, डिझेलवर चालणारे. पुढच्या बाजूला बैलाच्या मस्तकाचे चिन्ह होते, त्याची शिंगे इंग्रजी 'यू' अक्षरासारखी. १९५१ पासून उत्पादन डाइम्लर-बेन्झच्या गागेनाउ येथील कारखान्यात सुरू झाले.

छोट्या शेतकऱ्याला ही गाडी महागच होती. त्याला साधा ट्रॅक्टर पुरे होता. गिऱ्हाईक मिळाले ते दुसरीकडे : बर्फ हटवणाऱ्या नगरपालिका, जंगलखाती, अग्निशमन दले. आणि लष्करही. १९५५ पासून 'युनिमॉग एस' हे पेट्रोलवर चालणारे, लांब बांध्याचे रूप आले. सर्वांत मोठे गिऱ्हाईक पश्चिम जर्मनीचे नवे सैन्य ठरले. हा प्रकार १९८० पर्यंत बनला, ६४,००० हून अधिक. त्याच्या दोन चाकांमधले अंतर आता बटाट्याच्या ओळींशी जुळत नव्हते.