गावची शाळा संपली, की भाषा बदलायची

हायस्कूलच्या इतिहासात जागा मिळते ती दहावीला. बोर्डाचा निकाल, पेढे, वर्तमानपत्रातला फोटो, सगळं तिचंच. आठवी-नववी म्हणजे नुसता जिना, त्यावर थांबून कोणी बघत नाही. पण बीदर आणि कलबुर्गीच्या सीमेवर, निर्ण्यासारख्या गावांच्या बाबतीत, पाहण्यासारखं जे काही घडलं ते याच जिन्यावर. गावची शाळा सोडून मोठ्या शाळेत पाऊल टाकलं, की इथल्या मुलाच्या हातातलं पुस्तक दुसऱ्याच भाषेचं होऊन जायचं.

निर्णा पूर्वी हुमनाबाद तालुक्यात होतं, आता चिटगुप्पा तालुक्यात आहे. भालकी, औराद, बसवकल्याण या बाजूला मराठी दाट. पूर्वेला आणि दक्षिणेला सरकावं तशी ती कन्नडात, तेलुगूत आणि दखनीत मिसळत जाते. निजामाच्या काळात बीदर जिल्हा आजच्यापेक्षा बराच पसरलेला होता. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके त्यातच होते. एका जिल्ह्यात मराठी, कन्नड, तेलुगू अशा तीन लोकभाषा, आणि कचेरीची भाषा चौथीच, उर्दू.

शाळेच्या पायऱ्यांची नावंही उर्दूच. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मिडल, फौकानिया म्हणजे हायस्कूल. खालच्या इयत्तांत मुलाला मराठी किंवा कन्नडातून शिकता येई. पुढे गणित, भूगोल, इतिहास सगळं उर्दूतून. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. भारतीय भाषेतून विज्ञान आणि वैद्यकही शिकवून दाखवण्याचा तो धाडसी प्रयोग होता, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. मात्र प्रजेतल्या बहुसंख्यांच्या घरात ती भाषा नव्हती. ब्रिटिश मुलखातली मुलं इंग्रजीशी झुंजत होती, इथली उर्दूशी. त्यामुळे या पट्ट्यातल्या जुन्या पिढीचं उर्दू अस्सल असे. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी पुढे इतिहासकार झाले, फारसी साधनं त्यांनी सहज हाताळली. त्यामागे त्यांची बुद्धी होती तशी या प्रदेशाची हवाही होती.

फौकानिया गावात नसे. हुमनाबाद, बीदर किंवा थेट गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, गाठावं लागे. राहायचं कुठे आणि जेवायचं काय, हा अभ्यासाच्या आधीचा प्रश्न. ब्राह्मणाचा मुलगा वार लावून जेवे, लिंगायत मुलाला मठाचा आधार मिळे. ज्याला वारही नाही आणि मठही नाही, अशा जातीतला मुलगा बहुधा गावातच राही, आणि मुलगी तर राहीच. १९५१ च्या जनगणनेत हैदराबाद राज्यातली साक्षरता दहा टक्क्यांच्याही आत होती. तेव्हा आठवीत बसलेला मुलगा म्हणजे गावातली अपूर्वाई.

मराठीतून पुढचं शिक्षण हवं असेल, तर खासगी शाळा शोधावी लागे. गुलबर्ग्यात १९०७ साली नूतन विद्यालय निघालं, त्याच वर्षी हैदराबादेत विवेकवर्धिनी. पुढे १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आली. व्यंकटेश खेडगीकर, म्हणजेच पुढचे स्वामी रामानंद तीर्थ, तिथे मुख्याध्यापक होते, मग १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयाकडे वळले. संस्थानातल्या मुक्तिलढ्याचा नेता शाळामास्तर असावा, हा योगायोग मानायला मन तयार होत नाही. खासगी शाळा काढायला सरकारची परवानगी लागे, आणि ती सहज हाती पडत नसे. सभेवर बंदी, मेळ्यावर नजर. अशा राज्यात चारचौघांना एकत्र बसवून हवी ती भाषा बोलायची जागा उरली होती ती वर्गाची.

कन्नडाची कथाही हीच. भालकीच्या हिरेमठाचे चन्नबसव पट्टदेवरू यांनी बाहेर उर्दू शाळेची पाटी लावली आणि आत कन्नड शिकवलं, असं तिकडे अभिमानाने सांगतात. मराठी माणसाने ही गोष्ट जरूर ऐकावी. आपल्याकडचा सीमावादाचा इतिहास मराठी विरुद्ध कन्नड असाच मांडला जातो, पण त्या वर्षांत दोन्ही भाषा एकाच बाकावर दाटीवाटीने बसलेल्या होत्या.

मग १९३८ उजाडलं. वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावर बंदी आली आणि उस्मानियाचे विद्यार्थी संपावर गेले. काढून टाकलेल्या कित्येकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. त्याच वर्षी आर्य समाजाचे कार्यकर्ते भाई श्यामलाल बीदरच्या तुरुंगात वारले. त्यांचं हळ्ळीखेड याच परिसरातलं. उदगीरला त्यांच्या नावाने शाळा उभी राहिली. १९४७ च्या ऑगस्टात भारतात सामील होण्याचं आंदोलन पेटलं तेव्हा मुलांनी शाळा सोडल्या. काही घरी बसले, काही सोलापूरच्या हद्दीतल्या शिबिरांत पोचले. सप्टेंबर १९४८ च्या पोलिस कारवाईपर्यंतचं ते शैक्षणिक वर्ष या भागात कुणाचंच नीट पुरं झालं नसावं. त्यानंतर उर्दू माध्यम ओसरलं. उर्दूतून पाढे, व्याख्या, सनावळ्या घोकून बसलेल्या मुलांना अधल्यामधल्या इयत्तेत सगळं पुन्हा मराठीत किंवा कन्नडात बसवावं लागलं. स्वातंत्र्याचा गृहपाठ म्हणायचा तो हाच.

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुन्हा बदललं. निलंगा, उदगीर, अहमदपूर मराठी मुलखात गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. वर्षाच्या ऐन मध्यावर, दिवाळीच्या सुमारास, मुलांचं बोर्ड आणि राजधानी दोन्ही बदलली. मराठी शाळा बंद पडल्या नाहीत, पण पुढच्या शिक्षणाची वाट कन्नडाकडे वळली. १९८१ च्या गोकाक समितीने हायस्कूलमध्ये कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी आणि तिला १५० गुण असावेत, असं सुचवलं. त्यावर आंदोलनं झाली, मामला कोर्टात गेला. आज एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते, तिला १२५ गुण. २०१५ च्या कायद्याने मात्र कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा असलीच पाहिजे. म्हणजे मराठी माध्यमाचा आठवीतला मुलगा तीन भाषा शिकतो, शिवाय मैदानावर दखनी.

सरकारं बदलली, माध्यमं बदलली, हजेरीपटाचा खरा मालक मात्र तोच राहिला, शेतीचा हंगाम. शाळा उघडते न उघडते तोच मृग लागतो आणि पेरणीला माणूस कमी पडतो. श्रावण-भाद्रपदात मूग-उडदाची काढणी, पौषाच्या आसपास तुरीची रास. मार्गशीर्षात दत्तजयंतीला माणिकनगर, जानेवारीत हुमनाबादच्या वीरभद्रेश्वराची जत्रा. आणि वेळ अमावस्येला तर गावात चिटपाखरू सापडत नाही. सगळे शेतात, कोपीत पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. लातूर-धाराशिवपासून कलबुर्गीपर्यंत हा सण राज्याची सीमा जुमानत नाही. त्या दिवशी वर्ग भरवायचा हट्ट एखाद्या नव्याने बदली होऊन आलेल्या मास्तरांनी केलाच, तर तो एकदाच.

हजेरी सुधारली ती रागावून नव्हे. २००२ मध्ये कर्नाटकाने दुपारचं शिजवलेलं जेवण आधी ईशान्येकडच्या मागास जिल्ह्यांत सुरू केलं, बीदर आणि गुलबर्गा त्यात होते. काही वर्षांनी ते हायस्कूलपर्यंत पोचलं. २००६-०७ पासून आठवीच्या मुलांना सायकली मिळू लागल्या. शेजारच्या गावच्या हायस्कूलला जायचं म्हणून ज्या मुलींची शाळा सातवीवरच थांबे, त्यांच्यासाठी भाषेच्या कुठल्याही धोरणापेक्षा ही सायकल मोठी ठरली, असं म्हणायला हरकत नाही. संविधानाच्या ३७१ (जे) कलमाने २०१३ पासून या भागाला शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळाल्या. दहावीनंतर उदगीर-लातूरची वाट धरायची की बीदर-कलबुर्गीतच राहायचं, या घरोघरच्या चर्चेत आता त्या जागांचाही विचार आला.

एवढं सगळं पचवून आठवी-नववीला एक सुख राहिलं होतं, बोर्डाची परीक्षा नसण्याचं. तेही डगमगलं. मार्च २०२४ मध्ये कर्नाटकाने पाचवी, आठवी, नववीला बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा लावली. उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ती रद्द केली, खंडपीठाने चालू ठेवली, सर्वोच्च न्यायालयाने मधेच थांबवली. खंडपीठाने पुन्हा परवानगी दिली तेव्हा उरलेले पेपर महिनाअखेरीस झाले. ८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने निकालच रोखायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाडवा होता आणि त्यापाठोपाठ उन्हाळी सुट्टी.