कवि कूपरचे तीन ससे

इंग्लंडांत बकिंगहॅमशायर परगण्यांत ऊझ नदीच्या कांठीं ओल्नी नांवाचें एक लहानसें गांव आहे. अठराव्या शतकांत तेथील गोरगरिबांच्या घरीं बायका व मुलें उशीवर टांचण्या रोवून लेस विणीत बसत, आणि त्याच धंद्यावर पुष्कळांची चूल पेटे. त्या गांवच्या बाजारचौकांत लाल विटांचें एक उंच घर असून, तें १९०० सालापासून संग्रहालय म्हणून जतन केलेलें आहे. विल्यम कूपर या इंग्रज कवीचें तें निवासस्थान होतें, ही गोष्ट इंग्रजी काव्याच्या अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्याच घरांत १७७४ पासून १७८६ पर्यंत सशांचेंही बिऱ्हाड होतें. त्या सशांचीं आजारपणें, त्यांचें औषधपाणी, खाणेंपिणें आणि शेवटीं मृत्यु, यांची हकीकत त्यांच्या धन्यानें स्वतः लिहून ठेविली आहे. ती वाचली असतां, दुसऱ्याच्या हातीं हाल सोसलेल्या मुक्या जीवाला घरीं आणल्यावर मनुष्यावर कोणती जबाबदारी येते, याचा चांगला बोध होतो.

कूपरचा जन्म १७३१ सालीं बर्कमस्टेड येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. तो सहा वर्षांचा असतांनाच त्याची आई निवर्तली. शाळेंत दांडग्या मुलांनीं त्याला छळलें, आणि मूळचा भिडस्त स्वभाव अधिकच भित्रा झाला. पुढें त्यानें वकिलीची सनद मिळविली खरी. परंतु १७६३ सालीं उमरावांच्या सभेच्या दप्तरांतील एक जागा त्याला मिळण्याचा योग आला, तेव्हां त्या सभेपुढें परीक्षेस उभें राहावें लागेल, या धास्तीनें त्याचें चित्त भ्रमलें व त्यानें जीव देण्याचाही प्रयत्न केला. सेंट ऑल्बन्स येथील डॉक्टर कॉटन यांच्या उपचारगृहांत सुमारें दीड वर्ष काढल्यावर तो सांवरला. नंतर अन्विन नांवाच्या कुटुंबानें त्याला आश्रय दिला, आणि गृहस्वामी वारल्यावर मेरी अन्विनबाईंसह तो ओल्नीस येऊन राहिला. पण १७७३ सालीं व्याधि पुन्हां उलटली. ईश्वरानें आपला कायमचा त्याग केला आहे, अशी त्याची ठाम समजूत झाली आणि ती जन्मभर पुरतेपणीं सुटली नाहीं. पुस्तक हातीं धरवेना, माणसांशीं बोलवेना, आणि रिकामें बसणें तर सर्वांत घातक, अशी त्याची दशा होती.

अशा स्थितींत १७७४ सालीं शेजारच्या मुलांना कोणीं तरी सशाचें एक पिल्लूं खेळावयास दिलें. तें तीन महिन्यांचें होतें. मुलांना त्याला डिवचतां येई, पण खाऊं काय घालावें हें कळत नव्हतें. थोड्याच दिवसांत मुलें कंटाळलीं, आणि पिल्लूं दिवसेंदिवस खंगत चाललें. तें पाहून मुलांच्या बापानें तें कूपरला देऊं केलें. आपल्या मनाला न शिणवितां गुंतवून ठेवणारें कांहीं तरी काम त्याला हवेंच होतें. त्यानें पिल्लूं ठेवून घेतलें. ही वार्ता गांवांत पसरतांच लोक एवढीं पिल्लें घेऊन येऊं लागले कीं, एखादें कुरण त्यांनीं भरून गेलें असतें. त्यांपैकीं तीन कूपरनें सांभाळलीं व त्यांचीं नांवें पस, टायनी आणि बेस अशीं ठेविलीं. यांपैकीं दोन नांवें स्त्रियांचीं असलीं तरी तिघेही नर होते, असा खुलासा त्यानें मोठ्या गांभीर्यानें केला आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. मराठींत रानांतला ससा आणि पिंजऱ्यांत पाळला जाणारा ससा, दोघांनाही आपण एकच नांव देतों. इंग्रजींत त्यांना दोन निरनिराळीं नांवें आहेत, आणि तें योग्यही आहे. पाळीव सशाचे पूर्वज बीळ करून राहतात व त्यांचीं पिल्लें उघडीं, आंधळीं अशीं जन्मतात. रानसशाचें पिल्लूं मात्र उघड्या माळावर, अंगावर लव व उघडे डोळे घेऊनच जन्मास येतें. कूपरचे तिघे या दुसऱ्या जातीचे होते. हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या माणसाला पाहून पळालेला. त्याला घरांत रुळविणें हें पाळीव सशाला रुळविण्यापेक्षां पुष्कळच अवघड.

शिवाय सल्ला विचारावयास कोणी नव्हतें. इंग्लंडांतील पहिलें पशुवैद्यक विद्यालय लंडन येथें निघालें तें १७९१ सालीं. त्यापूर्वीं घोड्याला नाल ठोकणारा लोहारच घोड्याचा वैद्य असे. सशाची नाडी कोण पाहणार? म्हणून कूपर स्वतःच सुतार झाला व स्वतःच वैद्य झाला. त्यानें प्रत्येक सशाला निजण्यासाठीं स्वतंत्र खोका करून दिला. लेंड्या व मूत्र तळांतून खालीं पडावें अशी त्याची योजना होती, आणि खालीं मातीची परळ ठेवलेली असे. ती रोज रिकामी करून धुतली जाई, त्यामुळें घाण सांचत नसे. दिवसां तिघे एका दालनांत मोकळे हिंडत, व रात्रीं जो तो आपापल्या खोक्यांत जाई. दुसऱ्याच्या बिछान्यावर कोणीही अतिक्रमण करीत नसे.

कांहीं काळानें पस आजारी पडला. आजार तीन दिवस टिकला. कूपरनें पहिली गोष्ट ही केली कीं, त्याला इतरांपासून वेगळें ठेविलें; कारण दुखणाइत सोबत्याला इतर ससे छळतात, हें त्याच्या लक्षांत आलें होतें. मग तो जवळ बसून एकामागून एक निरनिराळ्या वनस्पति त्याच्या पुढें धरून पाहूं लागला. एक नको तर दुसरी, दुसरी नको तर तिसरी, असें करीत करीत पस पुन्हां खाऊं लागला व पूर्ण बरा झाला. आजच्या पशुवैद्याला यांतील मर्म तात्काळ कळेल. ससा हा इतरांचें भक्ष्य होणारा प्राणी असल्यामुळें दुखणें लपविण्याकडे त्याची प्रवृत्ति असते. त्यानें खाणें टाकलें व लेंड्या कमी झाल्या, हींच बहुधा पहिलीं चिन्हें होत. त्याचें आंतडें सतत चालू राहावें लागतें. एक दिवसभर पोटांत कांहीं गेलें नाहीं, तरी जीवावर बेतूं शकतें. आज असा प्रसंग आल्यास विलंब न लावतां वैद्याकडे न्यावें, हेंच शहाणपणाचें. परंतु ज्या काळीं वैद्यच नव्हता, त्या काळीं रोग्याला कसेंही करून खावयास लावणें हा योग्य उपाय कूपरला केवळ निरीक्षणानें सुचला.

बरा झाल्यावर पसनें जें केलें, तें कूपर कधीं विसरला नाहीं. त्यानें धन्याचा हात चाटला. आधीं पाठीकडून, मग तळवा, मग एकेक बोट, आणि शेवटीं बोटांमधील फटी. जणूं हाताचा तिळमात्र भाग वंदनावांचून राहूं नये. असें त्यानें पुढें एकदांच, आणि तेंही अशाच प्रसंगीं केलें. यानंतर कूपर त्याला रोज न्याहरीनंतर बागेंत नेऊं लागला. तेथें काकडीच्या वेलाच्या पानांखालीं तो संध्याकाळपर्यंत पडून राही. बागेंत जावयास उशीर झाला कीं, तो पुढच्या पायांनीं धन्याच्या गुडघ्यावर ताशा वाजवी, आणि तेवढ्यानें भागलें नाहीं तर अंगरख्याचें टोंक दांतांत धरून ओढी.

टायनीची गोष्ट निराळी. तोही आजारी पडला होता आणि त्याचीही शुश्रूषा तितक्याच मायेनें झाली होती. पण बरा होतांच, अंगावरून हात फिरवूं पाहणाऱ्या धन्याला तो गुरगुरून पंजा मारी व चावा घेई. उपकाराची फेड मिळाली नाहीं म्हणून कूपरनें त्याला टाकलें नाहीं. त्याच्या रागीटपणांतही त्याला गंमत वाटे, आणि त्याला त्यानें अखेरपर्यंत पोसलें. आजारी जीव घरीं आणणाऱ्यानें हें विशेष लक्षांत ठेवावें: एकाच घरांत, एकाच हातानें वाढलेल्या दोन जीवांपैकीं एक हात चाटतो व दुसरा चावतो, औषध मात्र दोघांनाही द्यावयाचें असतें.

तिसरा बेस हा तिघांत धीट व खेळकर. संध्याकाळच्या जेवणानंतर तिघांना बैठकीच्या खोलींत सोडीत. तेथील गालिच्यावर पाय घसरत नसल्यामुळें ते मनसोक्त उड्या मारीत, आणि त्यांत बेसचा हात धरणारा कोणी नव्हता. एकदां घरच्या मांजरानें त्याच्या गालावर चापट मारली, तेव्हां त्यानें मांजराच्या पाठीवर असे तडाखे दिले कीं, त्याला पळ काढून लपावें लागलें. असा हा बेस भर तारुण्यांत मेला. त्याचा खोका धुतला होता, आणि तो पुरता वाळण्यापूर्वींच त्याला आंत ठेवण्यांत आलें, हें त्याच्या मृत्यूचें कारण कूपरनें नमूद केलें आहे. ज्या स्वच्छतेची त्याला एवढी काळजी, तीच अर्धवट राहिल्यानें जीव गेला. ही चूक तो सहज झांकूं शकला असता. पण पुढें हजारों वाचकांसमोर त्यानें ती लपविली नाहीं.

सशांच्या आहाराविषयींचीं त्याचीं टिपणें वाचण्याजोगीं आहेत. सॅलडचा पाला त्यांना फार आवडे. गव्हाचें स्वच्छ काड ते खात व त्यावरच निजत. म्हणून तें रोज झाडून कोरडें ठेवावें लागे. कुंपणाच्या काटेरी झुडपांच्या डहाळ्या ते लांकडासकट कुरतडीत. हिरवा पाला फार रसाळ झाला तर मेंढ्यांप्रमाणें सशांनाही कुजीचा रोग होतो, अशी कूपरची समजूत होती. म्हणून मुख्य अन्न म्हणून तो त्यांना रोज सायंकाळीं पावाचे लहान तुकडे देई, आणि हिवाळ्यांत त्यांत गाजराचा कीस व सफरचंदाची पातळ साल मिसळी. मेंढ्यांचा तो रोग यकृतांतील चपट्या कृमीमुळें होतो व तो कृमि गोगलगाईच्या द्वारें गवतावर येतो, हें कोडें उलगडण्यास पुढें शंभर वर्षें लागलीं. पाव हें सशाचें अन्न नव्हे, त्यांतील पिष्टानें त्याचें पोट बिघडतें, असें आज सांगतात. ससा वेलाखालीं रवंथ करीत बसे, हेंही कूपरचें म्हणणें बरोबर नाहीं. ससा रवंथ करीत नाहीं. तो आपल्या कांहीं मऊ लेंड्या पुन्हां खातो व त्यांतून पोषण मिळवितो, हें मोरो नांवाच्या फ्रेंच पशुवैद्यानें १८८२ सालीं दाखविलें. परंतु काड आणि डहाळ्या देण्यांत कूपरचें कांहींच चुकलें नव्हतें. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. चरबट अन्नानें ते झिजले नाहींत तर त्याला खातांच येत नाहीं. पावाचा अपाय या काडानें बऱ्याच अंशीं निवारला असावा.

१७८० सालीं ऑगस्ट महिन्यांत पस एका रात्रीं खिडकीच्या जाळीच्या दोऱ्या कुरतडून पळाला. गांवांत एकच धांवपळ उडाली. पाठलाग होतां होतां तो चामडें कमावण्याच्या हौदांत पडला. एकांतून निघे तों दुसऱ्यांत पडे, आणि बुडावयाचाच, इतक्यांत एका कामगारानें त्याला कान धरून बाहेर काढलें. केसांतला चुना काढण्यासाठीं त्याला बादलींत धुवून, पोत्यांत घालून रात्रीं दहा वाजतां घरीं आणलें. एका नखाला व एका कानाला किंचित इजा झाली होती, एवढेंच. या प्रकरणांत चार शिलिंग खर्च झाले, पण त्यांतील एका पैचीही हळहळ घरांत कोणाला वाटली नाहीं.

ही हकीकत कूपरनें १७८४ सालीं ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकांत प्रसिद्ध केली. त्या वेळीं टायनी नऊ वर्षांचा होऊन वारला होता. पडल्यामुळें कंबरेला मार बसून तो गेला असावा, असा धन्याचा तर्क होता. सशाचीं हाडें हलकीं आणि मागचे पाय जोरकस, त्यामुळें पडण्यानें किंवा नुसत्या झटापटीनेंही त्याचा कणा मोडतो, हें आतां ज्ञात असल्यानें तो तर्क खरा वाटतो. पस मात्र दहा वर्षांचा होऊन सुखांत होता, आणि मार्क्विस नांवाच्या स्पॅनियल कुत्र्याशेजारीं बसून एकाच हातांतला पाव खात होता. तिघांच्या सहवासानें आपल्याला शिकारीच्या खेळाचा तिटकारा आला, असें कूपरनें त्या लेखांत स्पष्ट म्हटलें आहे.

सशांनीं कूपरला बरें केलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. १७८७ सालीं त्याचें चित्त पुन्हां भ्रमलें, आणि १८०० सालीं तो मरण पावला तोही निराशेंतच. पण ज्या बारा वर्षांत त्याच्या घरीं ससे होते, त्याच वर्षांत त्याचें बहुतेक उत्तम काव्य लिहून झालें, हेंही खरें आहे. रोज सकाळीं परळ धुवावयाची आहे, काड झाडावयाचें आहे, काकडीच्या वेलाखालीं कोणाला तरी न्यावयाचें आहे, एवढें काम ज्याच्या मागें आहे, त्याला त्या दिवसापुरतें तरी उठावेंच लागतें.

कूपरच्या मृत्यूनंतर त्याच्या कागदपत्रांत एक टिपण सांपडलें. त्याची तारीख ९ मार्च १७८६ अशी आहे. त्या दिवशीं दुपारीं बारा व एक यांच्या दरम्यान, अकरा वर्षें अकरा महिन्यांचा होऊन, केवळ वार्धक्यानें व बहुधा वेदनेवांचून पस वारला, एवढाच त्यांतील मजकूर आहे. रानांतल्या सशाला तीनचार वर्षांहून अधिक आयुष्य सहसा लाभत नाहीं.