सोने नसलेल्या डोंगरांतील सोनेशोधक : ‘झारेकरी’ आणि ‘गलाई’

सातारा आणि सांगली हे जिल्हे भूगर्भदृष्ट्या सोन्याचे नव्हेत. सह्याद्री आणि त्याचे पूर्वेकडे पसरलेले फाटे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्ट खडकाचे असून, खाणकामास योग्य अशा सोन्याच्या शिरा त्यांत नाहीत. हल्लीचे धातुशोधक यंत्र या डोंगरांवर फिरविले, तर खडकातील चुंबकी लोहखनिजामुळे आणि माथ्यावरील जांभ्यामुळे ते फसवा इशारा देण्याचाच संभव अधिक. असे असूनही, सोने-चांदी गाळणारे कारागीर म्हणून भारतभर ओळखला जाणारा वर्ग नेमका याच दोन जिल्ह्यांतून निघाला. ही विसंगती उलगडण्यास भूगर्भशास्त्र पुरेसे पडत नाही. शब्दांचा पुरावा मात्र बराच उपयोगी पडतो.

डोंगरातील सोने शोधण्याची परंपरा या मुलखाच्या दक्षिणेस होती. जुन्या सांगली संस्थानाचा शिरहट्टी तालुका मुख्य प्रदेशापासून दूर, आजच्या गदग जिल्ह्यात, कप्पतगुड्ड डोंगरांच्या परिसरात होता. हे डोंगर बेसाल्टचे नसून त्याहून कितीतरी प्राचीन अशा धारवाडी खडकांचे आहेत. तेथील ओढ्यांची वाळू धुऊन ‘जालगार’ लोक सोन्याचे कण काढीत. रॉबर्ट ब्रूस फूट या भूगर्भशास्त्रज्ञाने या सुवर्णयुक्त खडकांचे वर्णन 1874 मध्ये प्रसिद्ध केले. जालगारांची पद्धत साधी होती. सोने पाण्याच्या सुमारे 19 पट जड, तर वाळू जेमतेम अडीच पट जड. म्हणून पसरट पात्रात पाणी हेलकावले की वाळू वाहून जाते आणि सोने तळाशी राहते.

हेच तत्त्व मराठी मुलखात ओढ्याऐवजी सोनाराच्या दुकानापाशी वापरले गेले. कानशीने घासताना उडालेला कीस, भट्टीची राख, फुटलेल्या मुशी आणि जमिनीवरचा केर यांत सोन्याचे सूक्ष्म कण राहतात. हा केर विकत घेऊन, चाळून व धुऊन त्यातील धातू काढणारा तो झारेकरी. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द याच अर्थाने नोंदलेला आहे. मध्य प्रांतातील नद्यांची वाळू धुणाऱ्या जातीस रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात ‘सोनझारा’ म्हटले आहे. ‘झरणे’, ‘झारी’ आणि ‘झारा’ या शब्दांच्या कुळातच ही दोन्ही नावे बसतात. नदीची वाळू आणि पेढीचा केर यांना जोडणारा धागा असा भाषेत टिकून राहिला आहे.

गलाईचे काम याच्या पुढच्या टप्प्याचे होय. अशुद्ध सोने मुशीत टाकणखारासह वितळवितात. त्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळून त्याचे पातळ तुकडे करतात आणि ते नत्राम्लात उकळतात. चांदी व तांबे विरघळतात, सोने तेवढे मागे राहते. विरघळलेली चांदी त्या द्रावात तांब्याचे पत्रे ठेवून पुन्हा मिळविता येते. या कौशल्याची किंमत कारागिराची फुप्फुसे देतात, कारण नत्राम्लातून निघणारा तांबूस वायू विषारी असतो.

आता ‘गलाई’ हे नाव पाहावे. संस्कृतातील दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ परंपरेने मराठीत ‘ळ’ होतो : फल–फळ, काल–काळ. त्यानुसार ‘गल्’ धातूपासून मराठीत ‘गळणे’ व ‘गाळणे’ ही रूपे आली. ‘गलाई’तील ‘ल’ या नियमात बसत नाही. शिवाय मजुरीच्या वा कामाच्या अर्थी मराठीची जुनी घडण ‘धुणावळ’, ‘शिवणावळ’ अशी आहे. ‘धुलाई’, ‘शिलाई’ ही हिंदी वळणाची रूपे होत. ‘गलाई’ त्यांच्याच पंक्तीत बसते. सोने वितळविण्यास मराठी सोनाराजवळ ‘आटवणे’ हा आपला शब्द असताना धंद्याचे नाव मात्र बाहेरचे रूढ झाले. यावरून असे अनुमान निघते की, हा व्यवसाय गावात वाढून बाहेर गेला नाही. माणसे बाहेर गेली, तेथे त्यांनी तो हस्तगत केला आणि त्याचे नाव घेऊन ती गावी परतली. एका शब्दावरून इतिहास सिद्ध होत नाही हे खरे. परंतु येथे भूगोलाची साक्षही त्याच दिशेची आहे.

महाबळेश्वरी वर्षाला 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; माण, खटाव, खानापूर, आटपाडी या पर्जन्यछायेतील तालुक्यांत तो सुमारे 500 मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. 1876–78 च्या दुष्काळाने दख्खनच्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. विसाव्या शतकात या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांतील तरुण दूरदूरच्या सराफपेठांत जाऊन गलाईचे काम करू लागले. एकाने दुसऱ्यास, भावाने भावास नेले. खानापूर तालुक्यातील विटे हे गाव या व्यवसायाशी विशेष निगडित झाले. 1949 मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले आणि दक्षिण सातारा 1960 मध्ये सांगली झाला. परंतु गलाईवाल्यांचा टापू त्या सीमेच्या दोन्ही बाजूंस एकच राहिला. 1963 च्या सुवर्णनियंत्रणाने आणि पुढे 1968 च्या कायद्याने सोन्याचे शुद्धीकरण परवान्याच्या चौकटीत आले. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला.

झारेकरी आणि गलाईवाला यांना ‘सोनेशोधक’ म्हणणे म्हणून अलंकारिक नव्हे. ओढ्याच्या वाळूतील कण आणि पेढीच्या केरातील कण धुऊन वेगळे करण्याचे तत्त्व एकच. भेद आहे तो कारणांत. जालगारास डोंगरात सोने होते म्हणून हे काम मिळाले. माण-खानापूरच्या शेतकऱ्यास शेतात पाणी नव्हते म्हणून ते पत्करावे लागले. या व्यवसायाच्या इतिहासाची साधने त्यामुळे खाणींच्या दप्तरांपेक्षा दुष्काळाच्या नोंदींत, दूरच्या सराफपेठांत आणि कारागिरांच्या बोलीत शोधावी लागतील. यांपैकी बोली सर्वांत लवकर पुसली जाते. तिची नोंद प्रथम व्हावयास हवी.